कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तगणार कोण?

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडात गांजा कायदेशीर झाला. त्या सुमारास गांजा पिकवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायला नुसती झुंबड उडाली होती. कॅनोपी, ऑरोरा, टिलरे ही नावं ज्यांनी कधी ऐकली नव्हती, त्यांनीही पैसे लावले. पुढच्या काही वर्षांत यातले बहुतेक शेअर रसातळाला गेले. तरीही हे शेअर धरून बसलेले गुंतवणूकदार आजही पुष्कळ आहेत. कायदा आणखी सैल होईल, अमेरिका दार उघडेल या आशेवर ते दर तीन महिन्यांनी निकालांची वाट बघतात. आता तर रिझर्व्ह बँकेच्या परदेशी गुंतवणुकीच्या सवलतीचा फायदा घेऊन पुण्या-मुंबईतला माणूसही फोनवरून अमेरिकी बाजारातले शेअर घेऊ शकतो. त्यामुळे हा विषय कॅनडापुरता उरलेला नाही.

प्रश्न असा, की या कंपन्यांचे तिमाही निकाल वाचून छोट्या गुंतवणूकदाराच्या हाती खरंच काही लागतं का? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे, म्हणून पुढचा संवाद रचला आहे. मामा राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झालेले, उन्हाळ्यापुरते मिसिसागाला आलेले. भाची टोरांटोत नोकरी करणारी, गांजा कंपन्यांचे शेअर बाळगणारी आणि त्यांचे अहवाल नेमाने वाचणारी. माणसं कल्पित आहेत, पण त्यांच्या बोलण्यातल्या घटना आणि आकडे खरे आहेत.

मामा: अगं, जेवण झालं की रोज ते काय उघडून बसतेस? ऑफिसचं काम घरी आणलंयस का?

भाची: ऑफिसचं नाही रे मामा. निकालांचा हंगाम चालू आहे. कॅनोपीचं वर्ष मार्चअखेर संपतं, टिलरेचं मेअखेर, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचं डिसेंबरअखेर. त्यामुळे हा हंगाम तसा बारा महिने संपतच नाही. मी प्रेस नोट वाचून सोडून देत नाही, पूर्ण आर्थिक पत्रकं, त्याखालच्या टिपा आणि व्यवस्थापनाचं विवेचन वाचते.

मामा: आणि वाचून होतं काय? माझा जन्म कर्जखात्यात गेला. कॅश क्रेडिटवाला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट आणून द्यायचा. कागदावर सगळं जिथल्या तिथं असायचं. आम्ही गोदामात जाऊन पोती मोजायचो, तेव्हा खरं काय ते कळायचं. तुझ्या या कंपन्यांच्या गोदामात तू जाणार आहेस का? तिमाही आकड्यांचं तर धड लेखापरीक्षणही झालेलं नसतं.

भाची: नसतं, मान्य. पण वार्षिक हिशेबाची वाट बघत बसले तर काय होईल ते सांगते. इथल्या मोठ्या बाजारात नोंदलेल्या कंपनीला वार्षिक हिशेब द्यायला ९० दिवस मिळतात, तिमाही द्यायला ४५. वर्ष मार्चअखेर संपत असेल, तर एप्रिलमध्ये जे बिघडलं ते मला पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये कळणार. चौदा महिन्यांनी! तिमाही वाचते म्हणून ऑगस्टमध्ये कळतं.

मामा: कळतं की कळल्यासारखं वाटतं? कॅनट्रस्टचं उदाहरण मीही वाचलंय. ओंटारिओतल्या पेलहॅमला त्यांचं हरितगृह होतं. तिथे पाच खोल्यांत परवाना मिळण्याआधीच लागवड झाल्याचं कॅनडाच्या आरोग्य खात्यानं जुलै २०१९ मध्ये दाखवून दिलं. ऑगस्टमध्ये त्यांच्या लेखापरीक्षकांनी, केपीएमजीनं, २०१८ च्या हिशेबावरचा आपला अहवालच मागे घेतला, मार्च २०१९ च्या तिमाहीवरचाही. सप्टेंबरमध्ये परवाने निलंबित झाले, पुढच्या मार्चमध्ये कंपनी धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात उभी राहिली. त्या तिमाहीचा अहवाल तू वाचला असतास, तर त्या पाच खोल्या तुला दिसल्या असत्या का?

भाची: नसत्या दिसल्या. लपवलेली गोष्ट अहवालात सापडत नाही, हे कबूल. पण मामा, या धंद्यात लोकांचे बहुतेक पैसे लपवाछपवीमुळे गेलेले नाहीत. जे उघड छापलेलं होतं ते कुणी वाचलं नाही, म्हणून गेले. टिलरेचंच घे. जुलै २०१८ मध्ये नॅसडॅकवर १७ डॉलरला शेअर आला. १९ सप्टेंबरला दिवसभरात तो ३०० डॉलरला शिवून आला आणि २१४ वर बंद झाला. त्या भावानं कंपनीची किंमत होत होती साधारण दोन हजार कोटी डॉलर. आणि तीनच आठवड्यांपूर्वी जाहीर झालेल्या तिमाहीतली विक्री किती होती? ९७ लाख डॉलर. नफा नव्हे, विक्री. हा आकडा कुणी तिजोरीत दडवलेला नव्हता, सगळ्यांसमोर होता.

मामा: ती तर उन्मादाची गोष्ट झाली. उन्मादात अहवाल कोण वाचतो?

भाची: वाचला असता तर उन्मादात सापडलो नसतो, एवढंच माझं म्हणणं.

मामा: बरं, मग शहाण्यासुरत्या माणसांचं उदाहरण घेऊ. कोरोना बिअरवाली कॉन्स्टेलेशन ब्रँड्स. २०१८ मध्ये त्यांनी कॅनोपीत ५०० कोटी कॅनेडियन डॉलर घातले आणि हिस्सा ३८ टक्क्यांच्या आसपास नेला. संचालक मंडळात सातपैकी चार माणसं नेमायचा हक्क घेतला. म्हणजे त्यांना आतले कागद दिसत होते, कारखाना दिसत होता, पोती मोजता येत होती. तरी काय झालं? जून २०१९ मध्ये त्यांच्या मुख्य अधिकाऱ्यानं कॅनोपीच्या निकालांवर जाहीर नाराजी दाखवली, जुलैत संस्थापक ब्रूस लिंटनना घालवलं आणि त्यानंतरही पैसे बुडतच राहिले. स्मिथ्स फॉल्सला हर्शी चॉकलेटच्या जुन्या कारखान्यात कॅनोपीचा पसारा होता. तो कारखाना २०२३ मध्ये हर्शीलाच ५.३ कोटी डॉलरला परत विकावा लागला. आत बसलेल्याला जे सावरता आलं नाही, ते तू बाहेरून वाचून काय सावरणार?

भाची: इथेच आपला मतभेद आहे. त्यांना कंपनी सावरायची होती, मला फक्त माझे पैसे सावरायचे आहेत. ५०० कोटी घालून बसलेल्याला उठून जाता येत नाही. त्यानं विकायला काढलं तर बाजारच कोसळेल. मला मात्र एका सकाळी विकून मोकळं होता येतं. छोट्या गुंतवणूकदाराला हा एकच फायदा आहे. पण कधी उठायचं हे कळायला वेळेवर वाचावं लागतं.

मामा: वाचतेस म्हणजे नेमकं काय बघतेस, ते तरी सांग. नफा-तोटाच ना?

भाची: नफा-तोटा सगळ्यात शेवटी. या धंद्यात शेवटच्या ओळीइतकी फसवी ओळ दुसरी नाही. कॅनोपीच्या २०१९ मधल्या लागोपाठच्या दोन तिमाह्या सांगते. एप्रिल ते जून : निव्वळ विक्री ९.०५ कोटी कॅनेडियन डॉलर आणि तोटा १२८ कोटी! वर्तमानपत्रांनी मथळे दिले. पण त्यातले ११८ कोटी कॉन्स्टेलेशनकडच्या वॉरंटच्या, म्हणजे पुढे ठरल्या भावानं शेअर घ्यायच्या हक्काच्या, अटी बदलल्यामुळे हिशेबात दाखवावे लागले होते. तिजोरीतून त्यापोटी एक डॉलरही बाहेर गेला नव्हता.

मामा: म्हणजे मथळ्यातला आकडा कागदी होता.

भाची: हो. खरी धोक्याची खूण पुढच्या तिमाहीत होती. जुलै ते सप्टेंबर : विक्री वाढायच्या ऐवजी ७.६६ कोटींवर आली. सोबत ३.२७ कोटींची एक वेगळी तरतूद होती, परत येणाऱ्या मालासाठी आणि किमती उतरवण्यासाठी. गांजाचं तेल आणि तेलाच्या कॅप्सूल पडून राहिल्या होत्या.

मामा: विकलेला माल परत? मग ती विक्री कसली?

भाची: तेच तर! कॅनडात बहुतेक प्रांतांत घाऊक व्यापार सरकारी मंडळाकडे आहे. कंपनीनं मंडळाला माल धाडला की तिच्या वहीत विक्री झाली. दुकानात गिऱ्हाईकानं तो घेतला की नाही, हा पुढचा प्रश्न. आणि दुकानं होती कुठे? ओंटारिओची लोकसंख्या दीड कोटीच्या घरात. तिथे पहिले जवळजवळ सहा महिने एकही दुकान नव्हतं, सगळा व्यवहार सरकारी संकेतस्थळावरून चालायचा. जानेवारी २०१९ मध्ये लॉटरी काढली, तीही फक्त २५ दुकानांसाठी, आणि ती उघडायला लागली एप्रिलमध्ये. कंपन्यांनी मात्र हरितगृहं बांधली होती सगळ्या जगाला माल पुरवायच्या हिशेबानं. विक्री आणि शिल्लक माल हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून तीन-चार तिमाह्या बघितल्या, की माल कुठे तुंबलाय ते दिसतं.

मामा: हे आमच्यासारखंच झालं. शिल्लक माल फुगत चालला आणि उलाढाल तेवढीच राहिली, की आम्ही ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कर्ज उचलायची मर्यादा, कापायचो. पण मालाची किंमत कोण ठरवतं? तिथेच सगळी गोम असते.

भाची: अगदी बरोबर ठिकाणी आलास. आंतरराष्ट्रीय लेखानियमांप्रमाणे वाढतं रोप ही जैविक मालमत्ता असते. रोप जसं वाढेल तसं त्याचं रास्त मूल्य वाढतं आणि ती वाढ त्याच तिमाहीच्या नफ्यात धरतात. कापणी नाही, गिऱ्हाईक नाही, तरी नफा.

मामा: शेतात ऊस उभा आहे म्हणून साखर कारखान्यानं आत्ताच नफा लावून घ्यावा, तसं झालं हे!

भाची: आणि रास्त मूल्य काढताना दर ग्रॅमला काय भाव मिळेल, एका रोपाला किती ग्रॅम निघतील, हे सगळं कंपनीनंच गृहीत धरायचं. भाव चढे धरले की ढोबळ नफा सुरेख दिसतो. भाव पडले की तोच नफा उलटून अंगावर येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅनडाच्या रोखे नियामकांनी या कंपन्यांचे अहवाल तपासले, तेव्हा रास्त मूल्याबद्दलचे खुलासे अपुरे असल्याचं स्पष्ट बजावलं होतं. अमेरिकी लेखापद्धतीत उभ्या पिकावर असा नफा धरत नाहीत. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करण्याआधी कोण कुठल्या पद्धतीनं हिशेब देतं ते मी बघते.

मामा: आणि विक्रीचा आकडा तरी सरळ असतो का?

भाची: तोही दोन प्रकारचा असतो, अबकारी धरून आणि अबकारी वजा जाता. इथे सुक्या गांजावर ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल ते शुल्क. कायदा केला तेव्हा भाव जास्त असतील असं धरलं होतं. समज, कंपनीला ग्रॅमला पाच डॉलर मिळाले तर शुल्क एक डॉलर, म्हणजे वीस टक्के. भाव घसरून अडीच डॉलरवर आला तरी शुल्क एकच डॉलर, म्हणजे चाळीस टक्के. भाव पडले तसं सरकारचं ओझं आपोआप दुप्पट झालं. कित्येक उत्पादकांचं शुल्क थकलं ते यामुळेच. अबकारीसकटचा आकडा ठळक छापून कुणी पाठ थोपटून घ्यायला लागलं, की मी खालची ओळ शोधते.

मामा: हे सगळं ठीक आहे. पण एवढा अभ्यास करून तू त्यांच्या गोड बोलण्याला फसत नाहीस कशावरून? निकालानंतर ते फोनवर विश्लेषकांशी बोलतात, तेही तू ऐकतेस म्हणे.

भाची: ऐकते, आणि लिहून ठेवते. कारण पुढच्या तिमाहीत त्याच वाक्यावर त्यांना तपासता येतं. ऑरोराचं उदाहरण देते. ६ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांनी सांगितलं, जूनअखेर संपलेल्या तिमाहीत निव्वळ विक्री १० ते १०.७ कोटी डॉलर होईल. लक्षात घे, तिमाही संपून पाच आठवडे झाले होते. सप्टेंबरमध्ये आकडा आला ९.८९ कोटी. शिवाय त्या तिमाहीपासून ‘अ‍ॅडजस्टेड एबिटा’ (व्याज, कर, घसारा वगैरे धरण्याआधीचा हिशेब) नफ्यात येईल असं ते आधीपासून सांगत होते, तोही आला नाही.

मामा: फरक तसा थोडाच होता.

भाची: रकमेनं थोडा. पण जी तिमाही संपून गेली, तिचा अंदाजही ज्यांना धड सांगता येत नाही, त्यांच्या दोन वर्षांपुढच्या अंदाजावर मी का विसंबू? पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, त्याच कंपनीनं एका तिमाहीत १३० कोटींचा तोटा दाखवला. त्यातले १०० कोटींच्या आसपास जुन्या खरेद्यांची फुगलेली किंमत उतरवण्यात गेले. त्याच महिन्यात मुख्य अधिकारी टेरी बूथ पायउतार झाले. सप्टेंबरचा तो अहवाल मन लावून वाचलेल्याकडे सावध व्हायला पाच महिने होते.

मामा: बरं, आता माझं ऐक. तू झाडाचं एकेक पान मोजतेयस आणि मी विचारतोय पाऊस कुणाच्या हातात आहे. या धंद्याचा पाऊस म्हणजे कायदा. अमेरिकेचं बघ. तिथे प्राप्तिकर कायद्याचं २८०-ई कलम आहे, १९८२ चं. पहिल्या आणि दुसऱ्या सूचीतल्या अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला मालाच्या खर्चाखेरीज दुसरा कुठलाही खर्च वजा करता येत नाही. शंभर डॉलरची विक्री, पन्नासचा माल, पस्तीस भाडं-पगार. उरले पंधरा. दुसऱ्या कुणा व्यापाऱ्याला एकवीस टक्क्यांनी पंधरावर कर बसेल, सव्वातीन डॉलरच्या आत. यांना पन्नासवर बसतो, साडेदहा डॉलर. पंधरातले साडेदहा गेले, राहिले साडेचार. हे एक कलम उठलं की कंपनीचा चेहरामोहराच बदलतो, नाही उठलं तर व्यवस्थापन कितीही चांगलं असो, जिवावर बेततं. यात तुझ्या तिमाहीचा संबंध काय?

भाची: कलमाचा परिणाम मोठा आहे, नाही कोण म्हणतंय?

मामा: मग पुढे ऐक. मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्यानं गांजा पहिल्या सूचीतून तिसऱ्या सूचीत न्यायचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्पना तेच काम लवकर उरका म्हणून आदेश काढावा लागला. मधे सहा तिमाह्या गेल्या. बातमी आली की शेअर उसळायचे, लांबली की आपटायचे. निकालांना कोण विचारत होतं? आणि फ्लोरिडा! नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे गांजा खुला करण्यावर मतदान झालं. साठ टक्के हवे होते, मिळाले छप्पन्नच्या आसपास. दुसऱ्या दिवशी तिथल्या ट्रुलीव्ह या गांजा कंपनीचा शेअर गडगडला. मतपेटीत काय दडलंय हे कुठल्या तिमाहीत छापून येतं?

भाची: मतपेटीत काय आहे ते नाही येत. पण त्या मतपेटीवर कंपनीनं किती डाव लावलाय, ते आलं होतं. ट्रुलीव्हनं त्या प्रचारासाठी १४ कोटी डॉलरहून जास्त दिले आणि ते देणगीचे आकडे तिमाही अहवालांत खर्च म्हणून दिसत होते. मतदान जिंकेल की हरेल हे मला सांगता आलं नसतं, पण हरल्यावर सगळ्यात जास्त कुणाला लागेल हे सांगता आलं असतं.

मामा: हं. हे मात्र पटण्यासारखं आहे.

भाची: २८०-ईचंही तसंच. ट्रुलीव्हनं भूमिका घेतली की हे कलम आपल्याला लागूच नाही. जुनी विवरणपत्रं सुधारून भरली, ११.३ कोटी डॉलरचा परतावाही मिळाला. पण सरकारनं पुढे ते मानलं नाही तर पैसे परत द्यावे लागतील, म्हणून ताळेबंदात ते ‘अनिश्चित कर-देणं’ म्हणून उभं आहे आणि दर तिमाहीला वाढत गेलंय. कर न भरल्यामुळे धंद्यातून आलेली रोकड भरघोस दिसते. शेजारी शिकागोची ग्रीन थम्ब ठेव. २०२३ मध्ये आणि २०२४ मध्येही विक्री १०० कोटी डॉलरच्या वर आणि शेवटच्या ओळीतही नफा. दोघांना कायदा एकच, पण एकीची रोकड आणि दुसरीची रोकड एका तराजूत घालता येत नाही. हे मला त्या टिपांखेरीज कुठून कळणार?

मामा: म्हणजे तुझं म्हणणं, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडणार असला तरी...

भाची: मी सरळच सांगते. धंद्याचं भवितव्य कायदा ठरवेल, हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण तो दिवस उजाडेपर्यंत कोणती कंपनी तगेल, आणि त्या दिवशी तिच्यातला माझा वाटा किती उरलेला असेल, हे मला कायदा सांगत नाही. ते तिमाही अहवाल सांगतो. पहिली गोष्ट रोकड. समज, कंपनीकडे बारा कोटी आहेत आणि दर तिमाहीला धंद्यात तीन कोटी जळतायत. म्हणजे तिच्याकडे चार तिमाह्या आहेत. वर्षाच्या आत ती कर्ज काढणार, नाहीतर नवे शेअर विकणार. दुसरी गोष्ट शेअरची संख्या. ऑरोरा बाजारभावानं थोडे थोडे नवे शेअर विकत राहायची. २०२० च्या सुरुवातीला शेअर शंभर कोटींच्या वर गेले. भाव एक डॉलरखाली गेला, न्यूयॉर्कच्या बाजारानं नोटीस दिली. मे २०२० मध्ये बारा शेअरचा एक केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा दहाचा एक. ज्याच्याकडे १,२०० शेअर होते त्याचे झाले १००, मग १०.

मामा: पण एकत्र केल्यानं वाटा कमी होत नाही. बाराचा एक केला तर भावही बारापट होतो.

भाची: एकत्र केल्यानं नाही होत, बरोबर. वाटा कमी होतो आधी आणि नंतर काढलेल्या नव्या शेअरमुळे. एकत्रीकरणानं फक्त ती वाढ नजरेआड होते, कारण जुने आकडेही नव्या संख्येत मांडून दाखवतात. म्हणून मी दर तिमाहीची शेअरसंख्या माझ्या वहीत लिहून ठेवते. उद्या अमेरिकेनं दार सताड उघडलं, कंपनीची किंमत चौपट झाली आणि मधल्या काळात शेअरही चौपट झाले असतील, तर माझ्या हाती काय आलं?

मामा: काहीच नाही. कायदा बदलला आणि तू होतीस तिथेच.

भाची: आणि लोक म्हणतात, आम्ही लांब पल्ल्याचे गुंतवणूकदार, आम्हाला तिमाहीशी काय करायचंय!

मामा: ते लोक अगदीच चुकत नाहीत, बरं का. दर तीन महिन्यांनी वाचणाऱ्याला दर तीन महिन्यांनी काहीतरी करावंसं वाटतं. एक तिमाही वाईट गेली की विका, एक बरी गेली की घ्या. प्रत्येक व्यवहारात दलाली, कर आणि मनस्ताप. कर्जखात्यात मी नव्या अधिकाऱ्याला सांगायचो, एका महिन्याच्या स्टेटमेंटवरून खातं बुडीत ठरवू नकोस आणि एका महिन्यावरून मर्यादाही वाढवू नकोस. आणि तू वाचतेस ते छापलेलं तरी कायम राहतं का? कॅनोपीनंच मे २०२३ मध्ये सांगितलं ना, की बायोस्टील या पेयाच्या कंपनीतल्या हिशेबांमुळे आमच्या आधीच्या विवरणांवर विसंबू नका?

भाची: सांगितलं. आधीचं अख्खं वर्ष आणि पुढच्या तीन तिमाह्या पुन्हा मांडाव्या लागल्या. त्यावरून मी एवढंच शिकले की एका अहवालावर काही ठरवायचं नाही. निदान चार एका रांगेत ठेवायचे. आणि रोकड बघायची, कारण विक्रीचा आकडा फुगवता येतो, बँकेतली शिल्लक फुगवणं फार अवघड.

मामा: आता माझा शेवटचा प्रश्न. हा सगळा अभ्यास करूनही धंदा कायद्याच्या मर्जीवरच आहे. मग एकूण बचतीतला किती भाग यात घालायचा?

भाची: बुडाला तर घरातलं काही अडणार नाही एवढाच. अहवाल वाचते म्हणून जास्त घालायचे नाहीत, हे मी स्वतःला बजावलंय.

मामा: मग माझं भांडण निम्मं मिटलं. निम्मं राहिलं, कारण मी तुझ्या जागी असतो तर हे शेअर घेतलेच नसते.

भाची: आणि मी म्हणेन, घ्यायचे नाहीत हे ठरवायलाही एकदा अहवाल वाचायला हवा.

इथे संवाद थांबवतो, कारण दोघांचंही म्हणणं मांडून झालं आहे. माझा कौल भाचीच्या बाजूनं आहे, मामांची एक अट घालून.

मामांचा मुद्दा खोडता येत नाही. या धंद्याला बरकत येईल की नाही, हे ओटावा आणि वॉशिंग्टनला ठरतं, आणि तिथली तारीख कुठल्याही अहवालात छापून येत नाही. दडवलेल्या गोष्टीही अहवालात येत नाहीत. पण ज्या कंपन्यांनी छोट्या गुंतवणूकदाराला धुऊन नेलं, त्यांतल्या बहुतेकांची पडझड त्यांच्याच अहवालांत, त्यांच्याच शब्दांत, वेळेवर छापलेली होती. तुंबलेला माल, जळणारी रोकड, वाढत चाललेली शेअरसंख्या, हुकलेले वायदे. आशेवर पैसे लावणाऱ्यांनी यातलं काहीच बघितलं नाही. नुसती वाट बघत बसण्याला त्यांनी दीर्घकालीन गुंतवणूक हे नाव दिलं.

मामांची अट अशी, की वाचायचं दर तिमाहीला, पण एका तिमाहीवरून काही करायचं नाही, आणि जाणारच असतील तर सहज सोडता येतील एवढेच पैसे लावायचे.

ज्यांच्याकडे असे शेअर आहेत, किंवा ज्यांना ते घ्यावेसे वाटतायत, त्यांना माझी विनंती आहे. पुढचा निकाल लागेल तेव्हा मथळ्यातला नफा-तोटा बाजूला ठेवा आणि चार गोष्टी कागदावर उतरवा : हातातली रोकड किती तिमाह्या पुरेल, वर्षभरापूर्वी शेअर किती होते आणि आज किती आहेत, विक्रीच्या मानानं शिल्लक माल वाढलाय का, आणि मागच्या तिमाहीत दिलेला शब्द पाळला गेला का. लागोपाठ चार तिमाह्या या चारांपैकी तीन उत्तरं वाईट आली, तर कायदा बदलायची वाट बघू नका. ती कंपनी त्या दिवसापर्यंत पोचणार नाही, आणि पोचलीच तर तुमच्या वाट्याला फारसं काही उरलेलं नसेल.